पिंपळखुटे सर आणि करपलेलं वरण

रोज सकाळी आठ वाजता पिंपळखुटे सर आमच्या घरात पुढच्या दाराने शिरत आणि मागच्या दाराने बाहेर पडत. बसत नसत, थांबत नसत, पाणीदेखील मागत नसत. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, परसदार. धोतराचा सोगा डाव्या हातात आणि चपला उजव्या हातात, कारण चपला घालून स्वयंपाकघरातून जायला आईची मनाई होती. मागच्या पायरीवर चपला पायात सरकवायच्या आणि बोळात नाहीसे व्हायचे. नवखा पाहुणा घरात असला तर दचकायचा. आम्ही म्हणायचो, "काही नाही, सर फेरीला निघालेत."

आम्ही नालवाडीला राहत होतो तेव्हाची ही गोष्ट. नुकतेच आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. म्हणजे घर जागच्या जागीच होतं, हललं होतं ते सरकार. मी वर्ध्याच्या एका कचेरीत कारकून होतो. वडील वारून बरीच वर्षं झाली होती. घरात आई, मी आणि धाकटी बहीण कुसुम. सर आमच्यापासून दोन घरं पलीकडे एकटेच राहत. वय पन्नाशीचं, लग्न केलेलं नव्हतं. कॉलेजात ते इंटरच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवत, आणि उरलेल्या वेळात आम्हाला.

पहिल्यांदा त्यांनी घरातून जायची परवानगी मागितली तेव्हा मी गोंधळलो. सरांनी खिशातून खडू काढला आणि आमच्या अंगणातल्या फरशीवर वस्तीचा नकाशा काढला.

"हे पाय रमेश. मले रोज सगळ्या गल्ल्या फिरायच्या असतात. पण कोणतीच गल्ली दोनदा नाई. घरून निघायचं, घरीच परत यायचं."

"दोनदा फिरलं तर काय बिघडते सर?"

"एकदा सिद्ध झालेलं पुन्हा काऊन सिद्ध करायचं?" सर खरोखरच चकित झाले. "आता चौक पाय. एका रस्त्यानं आत आलो, दुसऱ्यानं बाहेर गेलो. जोडी जमली. जिथं दोन रस्ते, चार रस्ते, तिथं अडचण नाई. पण जिथं तीन रस्ते मिळतात तिथं एक उरते, अन् मी तिथंच अडकतो. असे चौक आपल्या वस्तीत दोनच हायत. एक तुझ्या पुढच्या दाराशी, एक मागच्या दाराशी."

"मग?"

"मग तुझं घर हा चौथा रस्ता समजायचा."

आई दारातून ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "मास्तर, या रस्त्यावर चुलीपाशी बाया बसल्या राह्यते, ते नकाशात दाखवलं काय?"

सरांनी नकाशात चूल काढली. परवानगी मिळाली.

त्यांची दोन वाक्यं साऱ्या नालवाडीला पाठ होती. कुणी काही बोलायला लागला की सर हात वर करून म्हणत, "आधी गृहीतक मांडा!" आणि त्याचं बोलणं संपलं की शांतपणे म्हणत, "निघत नाई." म्हणजे तुम्ही जे म्हणालात त्यातून तुमचा निष्कर्ष निघत नाही. शेजारचे एक गृहस्थ एकदा कळवळून म्हणाले, "सर, काय दिवस आले! माणसाला माणूस राह्यला नाई." सर म्हणाले, "निघत नाई." ते गृहस्थ नुकतेच सासऱ्याला स्मशानात पोचवून आले होते.

पण सर नुसते दुसऱ्याला अडवत नसत, स्वतःही तसेच जगत. एका हिवाळ्यात त्यांना कणकण वाटली म्हणून वैद्यबुवांनी पुड्या दिल्या. "ताप आला तर सकाळी एक घ्या," म्हणाले. ताप काही आला नाही. सोळा दिवसांनी सर परत गेले आणि आणखी पुड्या मागू लागले.

"ताप उतरला नाई काय?" वैद्यबुवांनी विचारलं.

"आलाच नाई."

"मग पुड्या कायले खाल्ल्या? केवढ्या कडू हायत त्या!"

"ताप आला तर घ्या म्हणाले तुम्ही. नाई आला तर घेऊ नका, असं कुठं म्हणाले? त्या बाबतीत तुमचं विधान मौन होतं. मी म्हटलं, घेतलेल्या बऱ्या."

तेव्हापासून वैद्यबुवा सरांना औषध देताना दोन्ही बाजूंनी बोलू लागले. ताप आला तर घ्या, आणि नाही आला तर हात लावू नका, तुम्हाला माझी शपथ आहे.

एकदा वस्तीत मुंज होती. पंगत मांडली होती, आम्ही अकरा जण पाय धुऊन उभे. यजमान अगत्याने म्हणाले, "बसा, बसा, कुठंही बसा." सगळे बसू लागले, सर उभेच. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. यजमानांना वाटलं श्लोक म्हणताहेत, म्हणून त्यांनी हात जोडले. बऱ्याच वेळाने सरांनी डोळे उघडले.

"तीन कोटी नव्याण्णव लाख सोळा हजार आठशे."

"काय ते?"

"अकरा माणसं अकरा पाटांवर बसवायचे प्रकार. रोज एका प्रकारानं पंगत बसवली तर एक लाख नऊ हजार वर्षं पुरते. तुम्ही 'कुठंही' म्हणता. यातला कोणता?"

भात तोवर निवला होता. त्यानंतर नालवाडीत कुठंही कार्य असलं की यजमान आधी धावत येऊन सरांना दंडाला धरून बसवत, मग बाकीच्यांना पाट दाखवत. परगावच्या लोकांना वाटे, केवढा मान आहे या माणसाला!

आमच्या आईशी मात्र त्यांचं जमायचं. एका सकाळी ते स्वयंपाकघरातून चालले असताना आई आभाळाकडे पाहून म्हणाली, "आज पाणी येईन, नाई तर नाई येईन." सर चपला हातात घेऊन जागीच थांबले.

"वहिनी, यात चूक काढायची कोणाची टाप नाई. जगाच्या अंतापर्यंत खरं राहीन असं वाक्य आज साऱ्या जिल्ह्यात तुमच्या एकटीच्या तोंडून निघालं."

आई दिवसभर खुशीत होती. काय बोललो ते तिला आठवत नव्हतं.

वर्गासाठी सर सरावाची उदाहरणं स्वतः तयार करत. पुस्तकातली उदाहरणं परदेशी माणसांची असतात, पोट्ट्यांना ती माणसं दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांच्या उदाहरणांत नालवाडीचीच माणसं असत. 'जर गवळी वेळेवर आला, तर दुधात पाणी असते. आज दुधात पाणी नाही. गवळी वेळेवर आला का?' उत्तर अर्थातच 'नाही' असं होतं. पण ते उदाहरण गवळ्यापर्यंत पोचलं, आणि पुढे दोन दिवस तो कुणाकडेच आला नाही, वेळेवरही नाही आणि उशिराही नाही. सर म्हणाले, "पाय, आता दोन्ही गृहीतकं शाबूत राह्यली." वस्ती कोरा चहा पीत होती.

तर अशा या सरांनी माझ्या बहिणीचं लग्न मोडलं. ते असं.

कुसुम तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मॅट्रिकला गणितात पहिली आली होती. पुढे शिकायची तिची फार इच्छा होती, पण आई म्हणाली, बाप नाही घरात, आधी लग्न. कुसुम एक दिवस रडली आणि मग चुलीपाशी बसली. वर्षभर आम्ही स्थळं पाहत होतो. अखेर समुद्रपूरचं एक स्थळ आलं. गोविंदराव म्हणून तिथले कापडाचे दुकानदार, त्यांचा मुलगा मधुकर. मॅट्रिक झालेला, वडिलांबरोबर दुकानात बसायचा, निर्व्यसनी, आणि फोटोवरून तरी शांत दिसत होता. आईनं देवापुढे नारळ ठेवला.

बापलेक वर्ध्याला नातेवाइकांकडे उतरले होते. दहाची मोटर गाठायची होती म्हणून सकाळी आठला मुलगी पाहायला येतो, असा त्यांनी निरोप पाठवला.

आठला! मी तसाच संध्याकाळी सरांच्या घरी गेलो. म्हटलं, "सर, उद्या आठ वाजता घरी पाहुणे येणार आहेत, कुसुमला पाहायला. उद्या एक दिवस कृपा करा. पुढच्या दारानं येऊ नका."

सरांनी क्षणभर विचार केला. "नाई येत," म्हणाले. "शब्द दिला."

सर शब्दाचे पक्के. मी निर्धास्त झोपलो.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर सतरंजी अंथरली होती. गोविंदराव लोडाला टेकून बसले होते. अंगाने भरलेले, आवाज दुकानासारखा मोठा. मधुकर जमिनीकडे पाहत होता. आईनं हाक मारली आणि कुसुम पोह्यांचं ताट घेऊन माजघराच्या दारातून बाहेर आली. तिच्या मागोमाग, धोतराचा सोगा डाव्या हातात आणि चपला उजव्या हातात घेऊन, पिंपळखुटे सर बाहेर आले.

पुढच्या दाराने येऊ नका, असं मी म्हणालो होतो. ते मागच्या दाराने आले होते. फेरी त्यांनी उलटी सुरू केली होती.

गोविंदरावांनी कुसुमकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. "हे मुलीचे काका काय?"

"नाई," सर म्हणाले. "मी जाऊन राह्यलो."

"कुठं?"

"बाहेर. हे घर माझा रस्ता हाय."

मी डोळे मिटून घेतले. आईनं मात्र धीर सोडला नाही. पदर सावरून ती म्हणाली, "आमचे शेजारी हायत. कालेजात मोठे प्रोफेसर. कधी म्हणून खोटं बोलत नाईत."

आयुष्यात आईनं केलेली ही सगळ्यात मोठी चूक असं ती स्वतःच पुढे सांगायची. गोविंदराव एकदम सावरून बसले. "वा! असा शेजारी सांगणारा मिळते कुठं! बसा प्रोफेसरसाहेब. आम्ही विचारलं तर घरचे चांगलंच सांगन. तुम्ही सांगा. पोरीले सैपाक येते?"

"येते," सर उभ्यानेच म्हणाले.

आईनं पोह्यांची बशी गोविंदरावांपुढे सरकवली.

"रोजचा चांगला होते?"

"रोजचा म्हणाल तर नाई. मागल्या मंगळवारी वरण करपलं होतं. बुधवारीही. त्याच्या आदल्या आठवड्यातही दोनदा. मी रोज चुलीवरूनच जातो ना."

"चार वेळा?" गोविंदरावांचा पोह्यांचा चमचा हवेत थांबला.

"'रोज' म्हटल्यावर एकदाही पुरे. एक अपवाद सापडला की सगळं विधान कोसळते." आणि सर पायरी उतरून, चपला घालून, गल्लीत नाहीसे झाले.

गोविंदरावांनी पोहे मात्र संपवले. मधुकरने एकदाच वर पाहिलं. कुसुमचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. चार दिवसांनी समुद्रपूरहून कार्ड आलं, 'योग दिसत नाही.'

आईनं मागच्या दाराला अडसर घातला आणि पुढच्या दारात स्वतः बसली. दुसऱ्या दिवशी आठ वाजता सर आले, तिच्याकडे पाहिलं, आणि परत फिरले. आधीच चाललेल्या गल्लीने त्यांना घरी परत जाताना मी प्रथमच पाहिलं.

मला राग होता, पण मला एक गोष्ट कळत नव्हती. कुसुमच्या हातचं वरण करपतच कसं होतं? ती चांगली सुगरण होती. तिला विचारलं तर ती परसदारी निघून गेली. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं तेव्हा ती उठली आणि तुरीच्या डाळीचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. आत डाळीवर चिठ्ठ्या होत्या. तीनशे तरी असतील. एका बाजूला सरांच्या अक्षरात उदाहरण, दुसऱ्या बाजूला कुसुमच्या अक्षरात उत्तर, आणि खाली लाल पेन्सिलीने सरांची खूण.

"सर जाता जाता फळीवर एक चिठ्ठी ठेवते," ती म्हणाली. "मी दिवसभरात सोडवते. दुसऱ्या दिवशी ते उत्तर घेऊन जाते अन् नवीन ठेवते, तपासलेलं मागाहून परत देते. वर्ष झालं, दादा. मंगळवारी-बुधवारी कठीण राह्यते, मंग चुलीकडे ध्यान राह्यत नाई."

"आईले माहीत हाय?"

"वरण करपते ते माहीत हाय."

मी डबा घेऊन सरांच्या घरी गेलो. खूप बोलायचं ठरवून गेलो होतो. सर खाटेवर बसले होते, समोर कॉलेजच्या वह्यांचा गठ्ठा. मी डबा पुढे ठेवला. त्यांनी झाकण उघडलं आणि चिठ्ठ्या हातात घेतल्या.

"माह्या वर्गात साठ पोट्टे हायत," ते म्हणाले. "प्रश्न टाकला की साठही खाली पाह्यते. गाइडातलं उत्तर पाठ करते, पास होते. अठरा वर्षं शिकवून राह्यलो रमेश. 'सर, तुमचंच उदाहरण चुकलं,' असं मले एकाच जणानं सांगितलं. तेही चुलीपाशी बसून." मग त्यांनी चिठ्ठ्या नीट लावून डब्यात परत ठेवल्या. "मी त्या दिवशी खोटं नाई बोललो. पण अर्धं बोललो. वरण करपते एवढं सांगितलं. काऊन करपते ते गृहीतक सांगायचं राह्यलं. त्या माणसाचा पत्ता दे."

त्यांनी जाऊन गोविंदरावांची समजूत घालावी अशी माझी कल्पना होती. सरांनी कार्ड पाठवलं. त्यावर नमस्कार नव्हता, क्षेमकुशल नव्हतं. होतं ते हे:

'सरावासाठी, क्रमांक १. जर कुसुमच्या हाती कठीण उदाहरण असेल, तरच वरण करपते. कुसुमला कठीण उदाहरण देणारा माणूस जगात एकच आहे. तो पिंपळखुटे. वरण चार वेळा करपले. तर दोष कोणाचा? उत्तर उलट टपाली पाठवावे.'

मला वाटलं, आता पोलीस येतील. पण आठ दिवसांनी सर हातात कार्ड नाचवत आमच्या दाराशी आले. आई उंबऱ्यातच बसली होती, तिलाही ते विसरले. "वहिनी! उत्तर आलं!"

मधुकरने लिहिलं होतं, 'दोष वरणाचा.'

"मंग हे चूक हाय की बरोबर?" आईनं विचारलं.

"साफ चूक!" सर आनंदाने ओरडले. "पण आलं ना!"

त्यांनी लाल पेन्सिलीने दुरुस्ती करून कार्ड परत पाठवलं आणि सोबत क्रमांक २. मग ३, मग ४. समुद्रपूरहून उत्तरं येऊ लागली. पाचव्या वेळेपासून बरोबर येऊ लागली. तिकडचा प्रकार आम्हाला मागाहून कळला. मधुकर कार्ड गल्ल्यापाशी उभं करून ठेवायचा आणि लुगडं घ्यायला आलेली गिऱ्हाइकं ते वाचून वाद घालायची. एका शेतकऱ्याने क्रमांक ३ मधुकरच्या आधी सोडवलं. गोविंदराव या गोंधळात एकदा कापड मोजताना दोन वार जास्त फाडून बसले. 'दोष पिंपळखुटेचा,' असं ते त्या दिवशी दुकानभर ओरडले, आणि मधुकर म्हणाला, "बाबा, हेच पहिल्याचं उत्तर होतं."

क्रमांक ७ चं कार्ड टाकायच्या आधी सरांनी मला दाखवलं. अक्षर त्यांचं नव्हतं. मी ते ओळखलं.

'जर मुलाला नाही म्हणायचे असते, तर तो स्वतः नाही म्हणाला असता. मुलगा स्वतः नाही म्हणाला नाही. तर मुलाला नाही म्हणायचे होते का?'

"सर, हे कुसुमनं लिहिलं! लग्न न झालेल्या पोरीनं परक्या मुलाला! लोक काय म्हणतील?"

"लोकाइचं सोड. चूक हाय काय यात?"

"चूक नाही, पण..."

"मंग टाकून ये. अशी स्वच्छ मांडणी मलेही जमली नसती."

मी ते कार्ड पेटीत टाकलं. नंतरचे सहा दिवस कुसुम वरणात मीठ घालायला विसरली. सातव्या दिवशी उत्तर आलं. कोऱ्या कार्डाच्या मधोमध मधुकरच्या अक्षरात चारच शब्द होते.

'नव्हते. निष्कर्ष बरोबर निघतो.'

पुढच्या रविवारी गोविंदराव स्वतः आले. पुढच्या दारात बसलेल्या आईला त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, पोरीले वरण येवो न येवो, लग्न करून टाका. या कार्डाइनं माह्या दुकानाची शाळा झाली. प्रोफेसरसाहेब कुठं हायत? त्याइले सांगा, आता थांबा म्हणा."

आईनं त्यांना चहा दिला, आणि मग उठून मागच्या दाराचा अडसर काढला.

वैशाखात लग्न झालं. सर दोन दिवस मांडवात होते. कुठं कोण बसायचं याचा तक्ता त्यांनी करून ठेवला होता आणि तो कुणीच पाहिला नाही. पाठवणीच्या वेळी आम्ही सगळे मोटर स्टँडवर गेलो. आई रडत होती, कुसुम रडत होती, गोविंदरावसुद्धा उपरण्याने नाक पुसत होते. सर बाजूला उभे होते. मोटर सुटायला आली तेव्हा ते खिडकीपाशी गेले आणि शिवलेली एक जाड वही आत दिली.

"दोनशे हायत," ते म्हणाले. "तिकडे करमलं नाई तर सोडवजो."

कुसुमने डोळे पुसले. "सर, याइचे उत्तरं?"

"उत्तरं नाई दिले. अडलं तर कार्ड टाकजो."

मोटर गेली. परतताना मी सरांना म्हटलं, "सर, तुम्ही स्वतःच हे लग्न जुळवलंत. आता तुमची उदाहरणं कोण सोडवणार?" मला वाटलं, निघत नाही म्हणतील, गृहीतक मांड म्हणतील. ते नुसते चालत राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांची वाट चुकली होती.

दिवाळीला कुसुम माहेरी आली. सोबत वही होती. दुपारी मी सहज चाळली. पानामागून पान सोडवलेलं, काही ठिकाणी मधुकरचं अक्षर, दोघांनी एकमेकांच्या चुकांवर मारलेल्या फुल्या. मधेच काही पानं मात्र कोरी.

"हे काऊन सोडले?"

"सुटत नाई ते," कुसुम म्हणाली. "असे बारा होते. बाराही उदाहरणांत एकेक गृहीतक गाळलं हाय."

माझा विश्वास बसेना. सर टोपी विसरत, छत्री विसरत, जेवायचं विसरत. पण गृहीतक? "चुकून राह्यलं असन. मग तू सांगितलं नाई त्याइले?"

"नाई." ती वहीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "दर महिन्याला एक कार्ड टाकते. 'सर, अमुक नंबरचं अडलं.' चार दिवसांत उत्तर येते. पाकीट. चार-चार पानी."

"चार पानी? एका गृहीतकाले?"

"गृहीतक शेवटच्या ओळीत राह्यते. बाकी सगळं दुसरंच. आईचा गुडघा कसा हाय, वर्गात या साली पोट्टे कसे हायत, रात्री थंडी पडून राह्यली, तिकडे पडली काय, मधुकरले सर्दी होती ती गेली काय." ती हसली. "पहिलंच पाहून मले समजलं होतं, काय गाळलं ते. आपल्या मनानं घालून सोडवता आलं असतं."

"मंग?"

"सोडवलं नाई."

मी कोरी पानं मोजली. सहा उरली होती.

"हे संपले की काय करशीन?"

कुसुमने वही माझ्या हातातून घेतली आणि पहिल्या पानावर गेली, जिथलं उत्तर तिनं मोटारीतच लिहून टाकलं होतं.

"सुटलेल्यातलं एखादं पुन्हा अडवीन," ती म्हणाली.